सात जणींचं एकच वजन

"दुष्काळात रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, तिची भाकरी तव्यावरच तुटायची, तरी मी शब्द न्हाई काढला. आता कुठं शेंगाचटणीवर तेलाची धार सोडायचे दिवस आले, तर ही बया म्हणती तेल सोड!"

पत्र्याच्या आडभिंतीपलीकडून कमलम्माचा आवाज आला. आडभिंत एवढी पातळ, की पलीकडची विडी विझली तरी अलीकडं कळावं. कस्तुराबाईंनी मांडीवरच्या सुपातलं टेंभुर्णीचं पान कातरता कातरता उत्तर दिलं, "सोड न्हाई म्हनलं, कमी कर म्हनलं. अन् मला ऐकू येतंय."

"ऐकू यावं म्हणूनच बोलले, अक्का."

चाळीतल्या बायका दिवसभर विड्या वळायच्या. सकाळी बूड टेकलं की दिवेलागणीला उठायचं. हात घोड्यासारखे पळायचे, बाकी देह पोत्यासारखा एका जागी. कस्तुराबाई स्वतः अठ्ठेचाळिशीच्या, आणि उठताना त्यांना भिंत लागायची.

दसऱ्याआधी त्या दवाखान्यात गेल्या होत्या, मनात धाकधूक घेऊन. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. मग घरात आधी कुणाला हे दुखणं झालं होतं का, ते विचारलं. कस्तुराबाईंनी खाली मान घालून थोरल्या बहिणीचं, नागूबाईचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी गेल्यावर अंगावर चरबी चढली, की त्या दुखण्याचा धोका वाढतो असं दिसतंय. वजन उतरवा. चाला. तुमच्या घरातल्या बायकांनी तर जास्तच जपायला हवं. बहिणीला मुलगी आहे ना? तिलाही सांगा. गाठ लागली तर लपवायची नाही, लगेच यायचं."

मुलगी होती. विजयमाला, याच चाळीत, शेवटच्या खोलीत. नागूबाई तिकडं मंद्रूप गावी वारली तेव्हा ही ओली बाळंतीण. तिला सांगितलं, आई तापानं गेली. आधी ओली बाळंतीण म्हणून खरं सांगितलं नाही, मग पोर लहान म्हणून, आणि मग इतके दिवस सांगितलं नाही म्हणून. चाळीत बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. नाव कुणी घेत नव्हतं. "ते दुखणं" म्हणायचं आणि पदर सावरायचा.

म्हणून कस्तुराबाईंनी गुडघे पुढं केले. "गुडघ्यांसाठी चालायचं," म्हणाल्या. गुडघे सगळ्यांचेच कुरकुरत होते. सहा जणी लगेच तयार झाल्या. गिरणीच्या पहिल्या भोंग्याला निघायचं, सिद्धेश्वराच्या तळ्याला वळसा घालून परतायचं, आठवड्याचं तेल अर्ध्यावर आणायचं. एकटीनं खाणं कमी केलं तर सासू विचारते, सात जणींनी केलं तर सासवाच एकमेकींना विचारत बसतात.

फक्त जिच्यासाठी एवढा खटाटोप मांडला, तीच येईना. "माझे गुडघे ठणठणीत हायत की, मावशे," विजयमाला हसून म्हणाली आणि भज्याचा घास तोंडात टाकला. छत्तिसाव्या वर्षी ती हुबेहूब आईसारखी भरत चालली होती. कस्तुराबाईंनी तिच्यापुढची भज्यांची बशी मागं सारली.

वजनाचा प्रश्न आला तेव्हा सगळ्याच मागं सरल्या. जित्या माणसाला तोलू नये, नजर लागते, असं सातांतल्या काशम्माचं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. कुणाचा आकडा कुणाला कळायला नको होता. त्यावर कस्तुराबाईंनीच तोड काढली. सुताच्या गोदामात गासड्या तोलायचा मोठा काटा होता. त्याच्या फळीवर सातही जणी एकदम चढायच्या. आकडा एकच. नजर लागली तर ती सात जणींत वाटली जाईल.

काट्यावरचा रामहरी हसून हसून खाली बसला. "चारशे नव्वद किलो! अडीच गासड्या हायत, मावशी. पाठवायच्या कुटं, मुंबईला?"

"तुझ्या सासरी," कमलम्मा म्हणाली. आणि तिथंच तिनं पैज लावली. "गुढीपाडव्यापर्यंत सात गठ्ठे सुताएवढं वजन उतरलं, तर मी आयुष्यभर चालंन. न्हाई उतरलं, तर माझी तेलाची धार मला परत."

सुताचा एक गठ्ठा पाच किलोचा. सहा महिने सगळी चाळ तोच हिशेब करत होती. संक्रांतीला तिळगुळानं घात केला. माघात काशम्माचा पाय मुरगळला, तर बाकीच्या तिला आधार देत निम्मं तळं चालल्या. कमलम्मा रोज शिव्या देत उठायची, पण रोज उठायची.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळी चाळ गोदामात लोटली. विजयमालाही आली होती, कडेवर धाकटं पोर घेऊन. सात जणी एकमेकींना कवटाळून फळीवर चढल्या. रामहरीनं काट्याच्या दांडीवर जुनाच चारशे नव्वदचा आकडा लावला. दांडी खालीच पडून राहिली.

"आता दांडी उचलंपर्यंत गठ्ठे टाकतो. जेवढे पडतील तेवढं तुमचं वजन उतरलं," तो म्हणाला.

एक. दोन. तीन. प्रत्येक गठ्ठा फळीवर पडला की बायका ओरडायच्या. पाच. सहा. सातवा पडला, तरी दांडी हलेना. सात गठ्ठे तर उतरलेच होते. आठवा गठ्ठा टाकला, आणि दांडी हळूच, लाजत लाजत वर आली.

गोदामात एकच कल्ला उठला. कमलम्मानं खाली उडी मारली, खरोखरीची उडी, आणि एक गठ्ठा उचलून पोटाशी धरला. "अय्यो! एवढं वझं मी अंगावर घेऊन फिरत हुते?" काशम्मा हसता हसता रडायला लागली.

कस्तुराबाई फळीवरून उतरल्या, भिंत न धरता. समोर विजयमाला टाळ्या वाजवत होती.

"मावशे, जितलात की! आठ गठ्ठे! गुडघ्यांचं नशीब उजाडलं!"

"तू उद्यापास्नं ये."

"मी कशाला? माझे गुडघे..."

काशम्मानं सवयीनं पदर सावरला. कमलम्मानं हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि कस्तुराबाईंकडं बघून मान हलवली.

कस्तुराबाईंनी भाचीचा हात धरला.

"गुडघ्यांसाठी न्हाई गं, विजे. तुझी आई तापानं न्हाई गेली. तिला छातीचा कॅन्सर झाला हुता."