लायसनचं दुकान

"ही तुजी साडी. फॉल-पिको करून आनली," म्हणत धम्मशीलाबाईंनी साडीची घडी मोबाइलसमोर धरली.

अमेरिकेतली मनिषा साडीकडं न बघताच म्हणाली, "आई, मी येत न्हाई लग्नाला."

तिच्या धाकट्या भावाचं, धम्मपालचं लग्न पुढच्या रविवारी होतं. तिचं तिकीटही काढून झालं होतं.

"सुट्टी देईनात का?"

"सुट्टी हाय. वकील म्हनला, देश सोडू नको. परत घेनार न्हाईत."

मनिषा गांजाच्या दुकानात कामाला होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर मिळालेलं ते पहिलं पक्कं काम. तिथल्या राज्यानं गांजा विकायला परवानगी दिली होती. वय तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला आत घेत नसत. देशाच्या कायद्यात मात्र तो अजून गुन्हाच होता, आणि मनिषा अजून तिथली नागरिक नव्हती.

"सरकारनंच लायसन दिलं ना?"

"राज्यानं दिलं. मुंबईनं दिलं आन् दिल्लीनं धरलं, असं समज."

"मग सोड ते काम."

"सोडलं तरी केलेलं पुसत न्हाई, आई."

धम्मशीलाबाईंना रागवायचं होतं. पण पोरगी खाली मान घालून बसली होती. त्यांची सगळी नोकरी पिंगळीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून गेली. माहेरी बाळंतपणाला आलेल्या दुसऱ्यांच्या लेकींना तपासताना त्या आपली लेक येईल तेव्हाचे बेत करायच्या. त्यातलं काही त्यांनी मनिषाला कधी सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

रविवारी विहारात लग्न लागलं. जेवणं चालू असताना थोरली नणंद सुलाबाईनं विचारलं, "मेडिकलवाले सुट्टी देत न्हाईत का गं मनिषाला?"

मेडिकल म्हणून धम्मशीलाबाईंनीच सगळ्यांना सांगितलं होतं. आताही तेच सांगता आलं असतं. शेजारी नवरीकडच्या बायका बसल्या होत्या.

"मेडिकल न्हाई, अक्का. गांजाचं दुकान हाय. तिकडं लायसन मिळतं."

सुलाबाईचा घास हातात राहिला. "आपल्याकडं पोलीस नेतेत."

"तिकडं नेत न्हाईत. पन देशाबाहेर गेलं तर परत बी येऊ देत न्हाईत. म्हनून आली न्हाई."

मग सुलाबाईनं हात धुतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "लाव तिला फोन."

तिकडं रात्र होती, मनिषा दुकान आवरत होती. फोनवर एवढ्या बायका दिसताच ती नेहमीसारखी भिंतीकडं सरकली, मागचं काही दिसू नये म्हणून.

"सरकू नको," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "दिसू दे."

मनिषा थांबली. मग हळूच बाजूला झाली. मागं काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

"जय भीम, आत्या."

"जय भीम, बाई. लय उजेड हाय गं तुज्या दुकानात."

मनिषा हसली. बायका एकेक करून वाकून बघत होत्या. धम्मशीलाबाईंचा हात अवघडला होता, तरी त्यांनी फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही.