उशीवरचा पाय

घरी सोडताना डॉक्टरांनी सोनलला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: पाय छातीपेक्षा वर. घोट्याचं हाड जोडलंय, सूज येणारच. ती उतरायची तर पाय दोन उशांवर ठेवायचा, गुडघ्यामागं बर्फ धरायचा, गोळी चुकवायची नाही. "आणि दुखणं हाताबाहेर गेलं, बोटं निळी दिसली किंवा बधिर झाली, तर वाट बघू नका. थेट घेऊन या." सोनलनं मान डोलावली. पण तिची खाट घरात कुठं पडणार, हे डॉक्टरांना कुठं ठाऊक होतं!

जिना चढवेना म्हणून खाट पडली बाहेरच्या खोलीत. मंगळवार पेठेतलं घर, दार उघडलं की रस्ता, आणि खाटेसमोर सासऱ्यांची खुर्ची. पाय उशांवर चढवला की तळवा थेट तात्यासोंच्या तोंडासमोर. लग्न होऊन आल्यापासून सोनल त्यांच्यासमोर कधी पाय पसरून बसली नव्हती. आता काय तळवा दाखवायचा?

तात्यासो दारात खाकरले की ती दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलायची आणि खाटेखाली सोडायची. रक्त भसकन खाली उतरायचं, टाके ठणकायचे, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

"ऱ्हाऊ दे की पोरी वर," तात्यासो म्हणायचे, भिंतीकडं बघत. मनापासून म्हणायचे, पण पाय खाली गेल्यावरच म्हणायचे. त्यांनी म्हणायचं आणि तिनं ऐकायचं नाही, अशी ती रीत. असल्या रीतीला काय म्हणावं!

सासरे एकटे असते तर निभावलंही असतं. पण पेठेत माणूस आजारी पडलं की ते साऱ्या पेठेचं होतं. घरातली जेवणं सूर्य मावळायच्या आत उरकायची, मग पुढची सगळी संध्याकाळ पाहुण्यांना मोकळी. तात्यासोंचे दोस्त हंबीरराव यायचे, धोंडुबाई शहाळी घेऊन यायच्या. पायरीवर चप्पल वाजली की पाय खाली. बर्फाची पिशवी बाजूला सरकवलेली, तिचं पाणी होऊन जायचं. वरून सोनल पायावर चादर ओढून घ्यायची, कुणाला उघडी बोटं दिसू नयेत म्हणून. माणसं मायेनं येत होती, तासतासभर बसत होती, आणि चादरीखाली पाय फुगत होता.

"मी सांगू का सगळ्यास्नी, चार दिवस येऊ नका म्हणून?" सासू अरुणाकाकूंनी एकदा विचारलं.

"नको हो आई. बरं दिसत न्हाय."

नवरा, अनेकांत, शिरोलीला कामावर जाताना पाय उशांवर ठेवून जायचा. परत आला की पाय खाली लोंबकळताना दिसायचा. "आत्ताच ठेवला की," सोनल सांगायची. तो बिचारा खरं मानायचा.

शनिवारी दुखण्यानं कहर केला. गोळीचा उपयोग होईना. प्लास्टर आतून आवळत चाललं होतं आणि सोनल दात आवळून हंबीररावांच्या नातीच्या लग्नाची हकिकत ऐकत होती. मध्येच बोटांना मुंग्या आल्या. आणि रविवारी दुपारी, कुणीतरी दिवा मालवावा तसं दुखणं थांबलं.

सोनलला रडूच आलं, सुखाचं. तिनं गोळीसुद्धा घेतली नाही. संध्याकाळी आलेल्या प्रत्येकाला तिनं हसून सांगितलं, "आता अजिबात दुखत न्हाय!" धोंडुबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. अरुणाकाकू निर्धास्त होऊन मंदिरात गेल्या.

पाहुणे पांगले. सोनलनं पाय पुन्हा वर घेतला, तोच तात्यासो आत आले. गडबडीनं ती उठायला गेली आणि पाय उशीवरून निसटला. खाटेच्या लोखंडी कडेवर खाडकन आपटला.

तात्यासोंच्याच तोंडून "आई गं!" निघालं. सोनल ओरडली नाही. ती डोक्यावरचा पदर सारखा करत होती.

"लागलं न्हाय तुला?"

"न्हाय की."

तात्यासोंचा चेहरा उतरला. ते खाटेपाशी आले, गुडघे टेकून खाली बसले आणि त्यांनी चादर बाजूला केली. बोटं जांभळी पडून तटतटली होती, शेंड्यांना राखेचा रंग चढला होता.

"अंगठा हलीव, पोरी."

सोनलनं हलवला. म्हणजे तिला वाटलं हलवला.

"हलीव की गं!"

"हलवलाच की, तात्या. आणि तुम्ही उठा आधी. पाय काय धरताय माझा, बरं दिसत न्हाय—"

"अनेकांत! गाडी काढ!" तात्यासोंचा आवाज फाटला. लग्नानंतर ज्या पायाकडं त्यांनी कधी नजरसुद्धा टाकली नव्हती, तो त्यांनी दोन्ही हातांत घेतला होता आणि ते एकेक बोट दाबत होते. इतक्या जोरानं, की त्यांची स्वतःची नखं पांढरी पडली. सोनल लाजेनं अर्धी होऊन ते बघत होती. बघत होती म्हणूनच तिला कळत होतं. डोळे मिटले असते, तर कुणी पायाला हात लावलाय हेही तिला समजलं नसतं.