लोकरीतला कॉम्प्युटर

टेबलावर एक पडदा होता, एक कीबोर्ड होता, दोन माऊस होते (त्यांपैकी एक जिवंत) आणि एक उभा काळा डबा होता, ज्याला घरात सगळे कॉम्प्युटर म्हणत. डब्यात तीन पंखे होते. डब्यावर एक कव्हर होतं: जाड लोकरीचं, आकाशी, चारही बाजूंनी झालर सोडलेलं. ते आत्याने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने, विणलं होतं. धूळ बसली की यंत्र आजारी पडतं, हे तिचं मत. आणि बाबांना तिनेच लहानाचं मोठं केलेलं असल्यामुळे तिचं मत म्हणजे घरातला कायदा. बाबा पुढची झालर उचलून बटण दाबत, झालर पुन्हा खाली सोडत आणि कामाला लागत.

बाबा घरांचे नकाशे काढत. अलीकडे जिना काढायला घेतला की कॉम्प्युटर धाप लागल्यासारखा घरघरे आणि अर्ध्या जिन्यात बंद पडे. दोनदा असं झाल्यावर ठेकेदाराने फोनवर स्वच्छ सांगितलं, "साहेब, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नकाशा आला नाही, तर पुढची कामं दुसऱ्याला देतो. राग मानू नका." बाबांना काम देणारा मात्र दुसरा कोणी नव्हता.

गुरुवारी घरात खल सुरू झाला.

"नवीन घेऊन टाका," आई म्हणाली. "किती वर्षं त्याला सलाईनवर ठेवणार?"

"मेमरी बदलली, डिस्क बदलली. आता प्रोसेसर टाकला की पळतो बघ कसा!"

"मग त्यात जुनं काय उरलं?"

"डबा. आणि मी."

दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, आधी सुधारून घ्या, मग बदला. नवराबायको दोघांचाही इतका मान राखणारा सल्ला त्या घराला पहिल्यांदाच मिळाला होता.

लेक नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी बसली होती. "आधी तो तापतो किती, ते तर बघू," ती म्हणाली. तिने पडद्यावर तापमानाचा आकडा लावला आणि बाबांना जिना काढायला बसवलं. अठ्ठ्याण्णव अंश. मग तिने खोलीचं दार लावून घेतलं, कव्हर काढलं, आणि थोड्या वेळाने तोच जिना पुन्हा. बासष्ट.

बाबा आधी खूश झाले, मग त्यांचा चेहरा पडला. "घाल ते परत. ताई बघेल."

"बाबा, तुम्हाला नकाशा हवाय की कव्हर?"

"हळू बोल! भिंतीपलीकडे बसलीय ती. डोळे अधू झालेत, तरी वर्षभर विणत होती. तिला काय सांगू, तुझ्या मायेने ह्याचा जीव गुदमरतोय म्हणून?"

तिथून चर्चेचा विषयच बदलला. कॉम्प्युटर सुधारायचा की बदलायचा हे बाजूला राहिलं. आत्याला न दुखवता तो उघडा कसा करायचा, यावर तिघं डोकं लढवू लागली. तोडगा आईने काढला. दुकानदाराकडून तसाच दिसणारा रिकामा डबा आणला. आत ना पंखा, ना तार. त्याला कव्हर घालून टेबलावर मानाने बसवलं. खरा कॉम्प्युटर टेबलाखाली गेला, अंगावर सूतही न ठेवता.

शुक्रवारी जिना वरच्या मजल्यापर्यंत पोचला. दुपारी नकाशा गेला आणि ठेकेदाराचं उत्तर आलं: "छान. पुढचं घर पाठवतो."

संध्याकाळी बाबा पुढच्या घराचा जिना काढत असताना आत्या काठी टेकत खोलीत आली. तिने झालरीखाली हात घालून डबा चाचपला. "थंडगार! लोकरीचा गुण हो हा."

"तर काय, ताई!" बाबा म्हणाले.

काठी पुढे सरकली आणि टेबलाखाली खट्ट वाजली. आत्या वाकली, तिने हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अगं बाई, हा कोण? केवढा तापलाय! वरचा बघा, कव्हर आहे तर कसा गार आहे. ह्याला उघडा ठेवलात, मग तापणार नाही तर काय होणार?"

लेकीने तोंड उघडलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"बघत काय बसलीस, टेप आण, ह्यालाही एक विणते," आत्या म्हणाली. "मला दिसत नाही, आकडे तू वाच."

लेकीने टेप लावली, दोनदा मोजलं आणि वाचून दाखवलं: उंची बेचाळीस सेंटिमीटर, रुंदी अठरा, लांबी चाळीस.