भाताची राखण

त्सायनी कोरणी म्हशीच्या कपाळावर टेकवली आणि ठशाच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत ओढत नेली. लाकडाचा एक लांब, वळलेला छिलका फरशीवर पडला. लाकडात कोरलेली म्हैस, तिच्या पाठीवरचं पोर, मागचं तळं, सगळ्यांमधून एक खोल रेघ गेली.

"झालं," ते म्हणाले. "आता ही कोणाला छापता यायची नाही."

मोरेश्वर साखळकर त्सायच्या गॅरेजच्या दारात रिकामं खोकं धरून उभे होते. सकाळपासून ते सामान आवरायला मदत करत होते. पंचाहत्तरीचे त्साय दुसऱ्या दिवशी अमेरिकेतलं पार्सिपनी गाव सोडून कॅलिफोर्नियाला लेकीकडे कायमचे जाणार होते. तैवानमधलं आपलं खेडं ते चाळीस वर्षं लाकडात कोरत आले होते, आणि दर मंगळवारी इथल्या सीनियर सेंटरमध्ये ती कला शिकवत. त्या वर्गाला सगळ्यांत नेमाने येणारे विद्यार्थी म्हणजे मोरेश्वर, आणि सगळ्यांत कमी जमायचं तेही त्यांनाच. पस्तीस वर्षं पाण्याच्या पाइपलाइनींचे नकाशे काढून ते निवृत्त झाले होते. लायब्ररीतून आणून या विषयावरची पुस्तकं त्यांनी वाचून काढली होती, पण घरी दाखवावं असं दोन वर्षांत एकही चित्र झालं नव्हतं. एकदा त्यांच्या कामाकडे बराच वेळ बघून त्साय म्हणाले होते, "मिस्टर मो, तुमची रेघ फार सरळ येते." ते कौतुक नव्हतं, एवढं मोरेश्वरांना कळलं होतं.

"एवढ्या चांगल्या ठशाचं असं करायलाच हवं का?" मोरेश्वरांनी विचारलं.

"एका चित्राच्या तीस छापा काढतो मी. प्रत्येकीवर पेन्सिलीने नंबर घालतो, सही करतो. ज्यांनी त्या घेतल्या त्या सगळ्यांना मी शब्द दिलाय. एकतिसावी निघाली तर खोटा मी ठरतो, छापणारा नाही."

त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला. एका रेघेनेच हात थकून गेला होता आणि भिंतीला टेकून आणखी अकरा ठसे उभे होते.

"हे तुम्ही करा," त्साय म्हणाले. "रेघ सरळ आली तरी चालेल."

दोघेही हसले. शेवटचा ठसा खोक्यात ठेवताना मात्र त्सायनी तो क्षणभर उजेडात धरला. अंगणभर भात वाळत घातलेलं, कडेला एक बाई बसलेली. कोंबड्या हाकायला हातात लांब बांबू, पण मान छातीवर कलंडलेली. कोंबड्या निवांत भात टिपत होत्या.

"माझी आई," त्साय म्हणाले. "त्या दिवशी झोप लागली म्हणून वडील तिला फार बोलले. मी पाहत होतो. मी उठून कोंबड्या हाकायला हव्या होत्या."

निघताना त्यांनी म्हशीच्या चित्राची चौथी छाप मोरेश्वरांना भेट दिली. ती मोरेश्वरांच्या दिवाणखान्यात लागली. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते तिच्या खालचे आकडे दाखवत. तीसपैकी ही चौथी, तीस झाल्या की ठशावर रेघ मारायची, मग पुन्हा छापायचं नाही. त्यांच्या पत्नी शोभनाताई चहाचा ट्रे घेऊन येईपर्यंत हे व्याख्यान संपलेलं नसे. "पाठ झालंय हो मला आता," असं त्या पाहुण्यांसमोरच म्हणत.

ठशांचं खोकं घरी आणून मोरेश्वरांनी रोज एक याप्रमाणे दहा ठशांवर रेघ मारली. अकराव्या दिवशी त्यांनी अंगणाचा ठसा टेबलावर घेतला, कोरणी त्या बाईच्या खांद्यापाशी नेली आणि परत ठेवून दिली. देवरुखजवळच्या त्यांच्या घरापुढे असंच भात वाळत पडलेलं असे. आई अशीच पेंगायची. उद्या मारू, असं त्यांनी ठरवलं. त्या उद्याचे तीन आठवडे झाले आणि कॅलिफोर्नियाहून त्सायचा फोन आला.

"झाले सगळे?"

"झाले," मोरेश्वर म्हणाले.

"आईसुद्धा?"

"हो."

"थँक यू, मिस्टर मो," त्साय म्हणाले. " मला ते जमलं नसतं."

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मोरेश्वरांनी गॅरेजचं दार लावून घेतलं आणि त्या ठशावर काळी शाई फिरवली. एकदाच, नुसतं बघायला. कागद वरून घासायला त्यांच्याकडे काही नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातला वरणाचा डाव आणून त्याच्या पाठीने ते घासत बसले. कागद हलक्या हाताने उचलला तेव्हा बाई, बांबू, कोंबड्या, सगळं जसंच्या तसं उठलं होतं. दोन वर्षांत त्यांच्या हातून असा कागद एकदाही सुटला नव्हता.

"डाव कुठे गेला माझा?" म्हणत शोभनाताई दारात आल्या आणि थबकल्या. "अगं बाई. तुम्ही केलंत?"

मोरेश्वर शाईचे हात पुसत राहिले.

शोभनाताई जवळ आल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागदावर मान वाकवली.

"या आपल्या सासूबाई ना? अशाच पेंगायच्या. आणि हे शेजारी सूप पडलंय." त्यांचा आवाज जरा बदलला. "इतकी वर्षं एक अक्षर बोलला नाहीत कधी आईंबद्दल. हे असं मनात होतं होय तुमच्या?"

ते सूप नव्हतं. उन्हात घालायची बांबूची टोपी होती, त्सायच्या आईने काढून शेजारी ठेवलेली. मोरेश्वरांनी त्या टोपीकडे पाहिलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती, आणि शोभनाने आपल्याकडे असं कधी बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "आईच."

महाराष्ट्र मंडळाचं काम बघणारी कांचन पुढच्या रविवारी जेवायला आली, तेव्हा चित्र फ्रेम होऊन म्हशीशेजारी लागलं होतं.

"काका, तुम्ही तर एकदम छुपे रुस्तम निघालात यार," ती म्हणाली. "या वर्षी मंडळाच्या दिवाळी कार्डावर हेच घेऊ या. मागच्या वर्षीचा तो क्लिपआर्टचा कंदील बघून लोकांनी मला किती टोमणे मारले. मी हे आजच स्कॅन करते."

"नको," मोरेश्वर म्हणाले. "साधंच आहे ते."

"अहो, त्यांचं हे असंच," शोभनाताई पोळी वाढत म्हणाल्या. "स्वतःचं काही चांगलं झालं की लाजतात. तू घेऊन जा गं."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मोरेश्वरांनी आमटीची वाटी जवळ ओढली आणि मीठ मागितलं.

कार्डं सुरेख झाली. चित्राखाली बारीक अक्षरांत नाव होतं, मोरेश्वर साखळकर. दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर बोलावून त्यांना शाल दिली. बॉथेल, ईडन प्रेरी अशा लांबलांबच्या गावांहून ओळखीपाळखीच्यांचे फोन आले. देवरुखकडच्या एका डॉक्टरबाईंनी कार्ड बघून रडू आलं असं कळवलं. मोरेश्वर प्रत्येकाला "छे, छे" म्हणत, आणि लोक त्याला विनय समजत. त्सायनंतरही सीनियर सेंटरमध्ये चालू राहिलेल्या मंगळवारच्या वर्गाला जाणं त्यांनी बंद केलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टपालात एक जाड पाकीट आलं. पत्ता इंग्रजीत होता, अक्षर थरथरतं.

"त्सायचं दिसतंय," शोभनाताई पाकीट फोडत म्हणाल्या. "मी पाठवलं होतं त्यांना एक कार्ड. म्हटलं, गुरूला नको का कळायला? तुम्ही काही पाठवलं नसतं."

मोरेश्वर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच थांबले.

आतून शोभनाताईंनी पाठवलेलं कार्डच निघालं. त्यांनी ते उघडून पाहिलं, उलटून पाहिलं. पत्र नव्हतं, शुभेच्छा नव्हत्या. फक्त पुढच्या बाजूला, मोरेश्वरांच्या छापील नावाखाली, पेन्सिलीने लिहिलं होतं. डावीकडे ३१/३०. उजवीकडे त्सायची सही.

त्या कार्ड घेऊन भिंतीपाशी गेल्या. म्हशीच्या चित्राखालच्या ४/३० शेजारी त्यांनी ते धरलं. तीच पेन्सिल, तीच सही, फक्त हात जास्त थरथरलेला. मोरेश्वरांनी पाहुण्यांना सांगितलेलं त्यांना खरोखरच पाठ होतं.

"कोणाची आई आहे ही?" त्यांनी विचारलं.

"त्यांची."

"आणि हे सूप?"

"टोपी आहे ती."

फोन वाजला. शोभनाताईंनीच घेतला.

"बोल कांचन. हो, आहेत ना घरी." त्या ऐकत राहिल्या. मोरेश्वर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, पण त्यांची नजर खिडकीबाहेरच्या ड्राइव्हवेवर होती. "येतील की. आनंदाने येतील. हो, सांगते मी."

त्यांनी फोन ठेवला.

"शनिवारी दहा वाजता. मंडळाच्या मुलांना छापायला शिकवायचंय तुम्ही."

"शोभना, मी कांचनला फोन करून खरं काय ते..."

"शाल घेताना सांगायचं होतंत."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. खण उघडल्याचा, भांडी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी वरणाचा डाव मोरेश्वरांपुढे टेबलावर ठेवला.

"हा लागेल ना," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरची फ्रेम न काढताच आत निघून गेल्या.

मोरेश्वर गॅरेजमध्ये गेले. थंडीने बोटं आखडली होती. ठसा टेबलावर ठेवून त्यांनी कोरणी एका कोपऱ्यावर टेकवली आणि भातातून, कोंबड्यांतून, बाईच्या कलंडलेल्या मानेवरून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ओढली. हात जराही हलला नाही. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ आली.