ळ वरून सुरू होणारा शब्द

श्रुतीनं पाटी ओल्या फडक्यानं दोनदा पुसली, तरी ‘छ’चं शेपूट काही जाईना. शेवटी तिनं ते नखानं खरवडलं. उद्या सकाळच्या गाडीनं तिचा नवरा सुहास मुंबईहून येणार होता, आणि आपले वडील पाटीवर काय लिहितात ते त्याच्या नजरेला पडावं, हे तिला नको होतं.

महिन्याभरापासून आबा एकच शब्द लिहीत होते. छळा.

राजारामआबांना झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला तो डावा हात. श्रुतीनंच अंगणवाडीतली जुनी पाटी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली होती. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, पेज भरवायची, मग अंगणवाडीत वीस पोरांकडून मुळाक्षरं घोकून घ्यायची. ‘ळ’पाशी पोरं हटकून अडायची, आणि ‘ळ’वरून शब्दच सुरू होत नाही, हे ती रोज नव्यानं सांगायची. चार वाजता दोन कप चहा, एक आबांना, एक सासूबाईंना. स्वतःची चहाची वेळ भांडी घासण्यात जायची. आणि वर हे प्रशस्तिपत्र. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. नुसता राग आला असता तर ती आदळआपट करून मोकळी झाली असती, पण तिला लाज वाटत होती.

सासूबाई, कमलाबाई, आबांच्या खाटेशेजारीच बाकड्यावर बसून असायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे पाटी म्हणजे त्यांना नुसता काळा चौकोन. आबा पाटी त्यांच्याकडे वळवून बोटानं ठोकायचे. "काय गो लिवलानी?" त्या विचारायच्या. "काही नाही आई, रेघोट्या," म्हणत श्रुती पाटी पुसून टाकायची.

आताही पुसलेली पाटी तिनं आबांच्या मांडीवर ठेवली आणि ती चारच्या चहाआधी दोरीवरचे कपडे काढायला अंगणात गेली. परत येऊन बघते तर पाटीवर तीन ओळी.

खयवा.
हूप धयवी.
छळा थिवा.

हूप! आंब्यावरच्या वांदरांना हाकलताना म्हणतात, ते हूप. हातातले कपडे तिनं तसेच खाटेवर टाकले.

"आई, मी आबांना छळते का? खरं काय ते सांगा."

"कोण म्हनता असा?"

"आबाच म्हणतायत. महिनाभर लिहितायत. मी तुमच्याशी खोटं बोलत होते."

कमलाबाईंनी हात पुढं करून पाटी चाचपली. मग म्हणाल्या, "काय लिवलानी ता वाच. जसाच्या तसा."

श्रुतीनं वाचलं.

"पयला शबुद परत."

"खयवा."

कमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत असं श्रुतीला वाटलं. बाई चक्क लाजल्या होत्या.

"ता माजा नाव हाय गो."

आबा मुंबईला गिरणीत होते, तेव्हाची गोष्ट. त्यांचं पत्र आलं की थोरले दीर ते पडवीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे. नवराबायकोचं म्हणून काही उरायचंच नाही. मग आबांनी एका सुट्टीत बायकोला मुळाक्षरं शिकवली, आणि जोडीला एक युक्तीही. जे अक्षर हवं, त्याच्या पुढचं लिहायचं. वाचताना एकेक अक्षर मागं यायचं. काना-मात्रा होत्या तशाच. पत्राच्या शेवटी अशी एखादी ओळ असायची. दीर म्हणायचे, राजारामाचं डोकं फिरलंय.

"घरातल्या मानसाबद्दल त्याच्याच म्होरं काय सांगायचा झाला, तर हे असाच लिवतत," कमलाबाई म्हणाल्या. "वाच आता. मागं मागं ये."

रोज पुढं म्हणायची अक्षरं श्रुती बोटांवर मागं मोजू लागली. तिनं छळा हाच शब्द आधी धरला. तोच सलत होता. छ च्या मागे च. ळ च्या मागे ल. "चला? कुठं चला?" मग अंगणवाडीतला तक्ता तिच्या डोळ्यांपुढं आला. श, ष, स, ह, ळ. ळ च्या मागे ह.

"चहा!" ती उठलीच. "अहो, माणसाला महिनाभर जास्तीचा चहा हवा होता, आणि मी मेली..."

"अगो, सगळा वाच तरी," कमलाबाई म्हणाल्या. पण श्रुती केव्हाच स्वयंपाकघरात पोचली होती.

आलं घातलेला चहा तिनं आबांच्या ओठांशी नेला. आबांनी ओठ मिटून घेतले. तिनं पुन्हा कप पुढं केला, तर त्यांनी डाव्या हातानं तो तिच्याकडे ढकलला. थोडा चहा चादरीवर सांडला. मग त्यांनी पाटीवर टकटक केलं.

श्रुती खाली बसली. ह च्या मागे स, प च्या मागे न. सून. द, म, ल. दमली. शेवटचा शब्द उरला होता. थ च्या मागे त. व च्या मागे ल.

तिला.

हा शब्द तिनं मोठ्यानं वाचला नाही. कमलाबाईंना तो पहिल्या फेरीतच कळला होता. त्या बाकड्यावर जरा सरकल्या.

"बस हय. चाय निवल."

श्रुती बसली. महिनोन्‌महिन्यांनी ती चार वाजता बसून चहा पीत होती, आणि आबा तिच्या प्रत्येक घोटाकडे लक्ष ठेवून होते. कप रिकामा झाल्यावर त्यांनी भुवई उंचावली.

"बरा वाटला काय, इचारतत," कमलाबाई न बघताच म्हणाल्या.

श्रुतीनं पेन्सिल घेतली. आबांच्या ओळींखाली जेमतेम जागा होती, तिथं तिनं लिहिलं, ळो.

आबांच्या तोंडाची डावी कड वर गेली. सुहास यायचा होता, तरी पाटी तिनं पुसली नाही.