ऑलिव्हचा धडा

ऑलिव्हच्या बागांच्या स्फॅक्स शहरातल्या शाळेत मी नवी होते, तेव्हा प्रोग्रॅमिंगचे धडे दर वर्षी नव्याने लिहावे लागत. शिक्षकाची बदली झाली की त्याच्या वह्याही त्याच्याबरोबर जात. आमच्यातले सगळ्यात जुने शिक्षक सी तिजानी ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्री') याला कंटाळले आणि संगणकावर ऐकता-पाहता येतील असे छोटे धडे करायला बसले. कोणीही उचलावेत, कुठेही शिकवावेत. मजकूर माझा, आवाज त्यांचा.

रेकॉर्डिंग शाळेच्या सामानाच्या खोलीत चालायचं. तिथे आवाज घुमायचा, म्हणून त्यांच्या बायकोने, दलेंदाने, घरची घोंगडी आणून भिंतींवर टांगली. "घरी तोंड उघडत नाही हा माणूस, इथे घोंगड्यांशी गप्पा मारतोय," ती म्हणायची.

एकदा मी लिहिलं, 'मागच्या धड्यात पाहिल्याप्रमाणे'. त्यांनी लगेच खोडलं.

"मागचा धडा न पाहिलेल्या मुलीने काय करायचं, रफला? तुझ्या घरी फोन?"

लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणं, शिकवणारा धडा त्यांचा लाडका. झाडावर ऑलिव्ह आहेत तोवर फांद्या फणीने विंचरून ते पाडत आणि मोजत राहायचे, एवढंच त्यात होतं.

आठ वर्षांनी माझी वाळवंटाकाठच्या, खजुरांच्या तोझरला बदली झाली. तिथली तरुण शिक्षिका ओन्स वर्गात तोच धडा लावत होती. पण झाड खजुराचं आणि आवाज तिचा.  मी तडक फोन लावला.

"सी तिजानी, तुमचा आवाजच काढून टाकलाय हो!"

"आणि झाड?"

"खजुराचं केलंय."

ते खो खो हसले. "बरोबरच आहे. तोझरच्या पोरांनी ऑलिव्ह कशाला तोडायचे? पाठव, ऐकतो."

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "अगं, आपल्या धड्यात शेवटचा ऑलिव्ह झाडावरच राहत होता! मोजणी एकने चुकलेली. या मुलीने गुपचूप दुरुस्त केलंय. तिचं नाव घाल धड्यावर, माझ्या आधी."

ओन्सला सांगितलं तर ती लाजली. "चूक मी नाही पकडली, मॅडम. मागच्या बाकावरच्या तिघींनी पकडली."

मग त्या तिघींचीही नावं घातली.

सी तिजानींना जाऊन आता चार वर्षं झाली. वर्गात मी ओन्सचाच धडा लावते. जुना मात्र कधीतरी घरी एकटीच ऐकते. त्यात मध्येच बाहेरून मासेवाल्याची आरोळी येते आणि सी तिजानींना हसू फुटतं. तेवढा भाग पुसायचा होता आम्हाला, पण राहून गेला. बरं झालं, राहिला.