लुक्रेत्सियाचा पेला

खुर्च्या गोलात मांडल्या की माणसं मनं मोकळी करतात, असं कचेरीतल्या लोकांना वाटतं. बुझाऊच्या डोंगरातल्या वृद्धाश्रमात समाजसेविका स्मरांदानं गुरुवारचा गट सुरू केला तो तसाच. पण गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या वेतुरियाबाईंनी त्याला आपलं वळण लावलं. आपल्या मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याचा पेला दुसऱ्याला द्यायचा, त्यानं "पोचो त्याला" म्हणून प्यायचं. रीत गावचीच, स्मरांदानंही चालू दिली.

एका गुरुवारी वेतुरियाबाईंनी पेला पुढं केला. "आंगेलच्या नावानं."

"अहो बाई, मी धडधाकट बसलोय इथं!" समोरून आंगेल ओरडला. सगळे खो खो हसले आणि हसता हसताच कुणीतरी तो पिऊन टाकला. शनिवारी दुपारी जेवताना, हातात चमचा असतानाच आंगेल गेला.

पुढच्या गुरुवारी पेला स्मरांदासमोर आला. "लुक्रेत्सियाच्या नावानं. घे पोरी."

लुक्रेत्सिया म्हणजे स्मरांदाची आई, याच आश्रमात राहणारी. तीन खुर्च्या पलीकडे शाल पांघरून बसलेली.

"इथल्या माणसांकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे आम्हाला."

"नियम तुझ्या कचेरीचा. तुझ्या आईला कुठला लागू?"

स्मरांदानं हात पुढे केला नाही. वेतुरियाबाईंनी पेला मधल्या टेबलावर ठेवला. लेक असताना तो दुसऱ्या कुणी घ्यायचा नसतो.

शनिवार उलटला, आई जिवंत. स्मरांदाला हायसं वाटलं. पण सोमवारपासून आईला तहान लागली. पाण्याचे जगच्या जग रिचवायची, तरी ओठ सुकलेल्या आलुबुखारासारखे. डॉक्टरांना काही सापडेना. दोन आठवडे गेले, अन्न सुटलं. टेबलावरचा पेला मात्र भर उन्हाळ्यात थेंबभरही आटला नव्हता.

त्या गुरुवारी आईनं स्वतः उठून तो उचलला. तिचे हात लटपटत होते, पण पाणी हललंसुद्धा नाही.

"घे गं बाळा. तू प्यायल्याशिवाय मला पाणी पोचायचं नाही."

"आई, मी घेतला तर तू..."

"ठाऊक आहे मला. किती दिवस अशी तहानलेली ठेवणार आहेस?"

स्मरांदाला रडू आवरेना. तिनं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि तळ दिसेपर्यंत प्यायली. पाणी आत्ताच विहिरीतून काढल्यासारखं गार होतं.

"पोचो तिला," ती कशीबशी म्हणाली.

आईनं ओठांवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"आहाहा," ती म्हणाली आणि खुर्चीत मागं टेकली.